बोक्याची लघवी पुन्हा पुन्हा अडते? आधी पाण्याचा हिशोब मांडा, मग खाणं ओलं की कोरडं ते ठरवा

बोका शी-शूच्या ट्रेमध्ये जातो, बसतो, बसूनच राहतो. बाहेर येतो, दोन मिनिटांनी पुन्हा आत. लिटरवर (ट्रेमधल्या वाळूवर) जेमतेम दोन थेंब, कधी गुलाबी झाक. मध्येच विव्हळतो, खालची जागा सारखी चाटतो, बाथरूमच्या थंड फरशीवर किंवा बेसिनमध्ये जाऊन बसतो. औषधाने आठवड्यात बरा होतो. आपण हुश्श करतो. दोन-तीन महिने जातात आणि पुन्हा तेच.

ही पोस्ट त्या ‘पुन्हा’साठी आहे. तुमचा बोका आत्ता, या क्षणी कुंथतोय आणि थेंबही येत नाहीये, तर वाचत बसू नका, त्याला उचला आणि डॉक्टरांकडे जा. रात्र असली तरी. बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे फार अरुंद असते. ती बंद झाली की लघवी मागे तुंबते, किडनीवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण बंद झालेला बोका एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. मांजरीची नलिका रुंद असल्याने ती सहसा अशी बंद पडत नाही, पण जळजळ, रक्त, सारखं ट्रेमध्ये जाणं हे तिलाही होतं.

आमचा मन्या पाच वर्षांचा, नसबंदीचं ऑपरेशन झालेला, घराबाहेर न पडणारा, वजन ५.६ किलो. पहिल्यांदा जानेवारीत त्याला त्रास झाला तेव्हा मी चक्क समजले की शी अडली आहे. कुंथताना बघून तसंच वाटतं. आई म्हणाली, ‘चमचाभर तूप चाटव, मोकळा होईल.’ पंजाला तूप लावलं, त्याने चाटलं, आणि आम्ही संध्याकाळपर्यंत वाट बघत बसलो. अर्धा दिवस वाया. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, ‘लघवीची पिशवी लिंबासारखी टणक झालीय.’ त्यामुळे पहिला नियम असा की बोका कुंथताना दिसला, की तो लघवीसाठीच कुंथतोय असं धरून चालायचं. शी अडली असेल तर उद्या कळलं तरी चालतं, याचं चालत नाही. पोट दाबून खात्री करायला जाऊ नका, पिशवी फुटू शकते. आणि घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात नको, मांजरासाठी ती विषच.

कॅथेटर (लघवी काढायला आत घातलेली नळी), तीन दिवस दवाखान्यात, घरी आल्यावर गळ्यात तो प्लास्टिकचा भोंगा. लघवीच्या तपासणीत स्ट्रुव्हाइटचे स्फटिक निघाले. म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे बारीक कण. मी मनात नोंद केली: खड्यांचा आजार. पण एप्रिलमध्ये पुन्हा तसंच झालं (या वेळी नलिका बंद पडली नव्हती, नशीब), तेव्हा स्फटिक एकही नाही. जंतुसंसर्गही नाही. डॉक्टर म्हणाले, तरुण मांजरांत हेच जास्त दिसतं. पिशवीला सूज येते, कारण सापडत नाही, आपोआप ओसरते आणि परत येते.

मी विचारलं, मग दोन्ही वेळी समान काय होतं? त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लघवीची घनता. पहिल्यांदा १.०५६, दुसऱ्यांदा १.०५८. साध्या पाण्याची १.०००. मन्याची लघवी म्हणजे जवळजवळ पाक होता.

तोवर त्याचं जेवण सांगते. दिवसभर भरलेली कोरड्या दाण्यांची वाटी. शेजारी पाण्याची वाटी. चांगल्यातला ब्रँड, दाणा कुरकुरीत, बोका खूश. त्यात चूक काय हे मला खरंच दिसत नव्हतं.

मग मी मोजलं, आणि हे तुम्हीही करा, फुकट आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. सकाळी पाण्याची वाटी वजन करून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम कमी, तितके मिलिलीटर प्यायला. पण पुण्याच्या एप्रिलमध्ये अर्धं पाणी हवाच पिते, म्हणून तशीच दुसरी वाटी तेवढंच पाणी घालून मांजराचा पंजा पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि तिच्यातली घट वजा करा. (मी ती फ्रिजवर ठेवली होती. मन्या तिसऱ्या दिवशी फ्रिजवर. शेवटी जाळीच्या कपाटात.) आठवडाभराची सरासरी काढा, एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका.

मन्याची सरासरी आली ९० मिली. दाणे दिवसाला ७० ग्रॅम. कोरड्या खाण्यात पाणी साधारण ८ ते १० टक्के, म्हणजे त्यातून ६-७ मिली. एकूण शंभरच्या आत. मांजराला खाण्यातून आणि पिण्यातून मिळून दर किलोमागे ढोबळ ५० मिली पाणी लागतं. मन्याचं वजन घटवून पाच किलो धरलं तरी अडीचशे. निम्मंसुद्धा पोटात जात नव्हतं, आणि वाटी कायम भरलेली असल्याने मला वाटायचं तो पितोय की!

मांजराला तहान कमी लागते, हा त्याचा हट्ट म्हणू नका. पाळीव मांजराचा पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं रानमांजर. ते उंदीर-पाखरं खायचं, आणि उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच. जेवणातच पाणी आलं, वेगळं पिण्याची गरज थोडी, आणि किडनी अशी की थेंब न थेंब पिळून ठेवणारी. अशा प्राण्याला आपण बिस्किटासारखं कोरडं जेवण देतो आणि शेजारी वाटी ठेवतो. तो वाटीतून जास्त पितो, नाही असं नाही, पण राहिलेली तूट भरून निघत नाही. पाऊचमधल्या किंवा डब्यातल्या ओल्या खाण्यात पाणी ७५ ते ८० टक्के, कधी त्याहून वर.

नुसता तर्क नको असेल तर १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. अशीच विनाकारण पिशवी सुजणारी मांजरं घेतली, काहींना ओलं आणि काहींना त्याच प्रकारचं कोरडं खाणं दिलं, आणि वर्षभर पाहिलं. कोरडं खाणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, ओलं खाणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांना. मांजरं मोजकीच होती, पन्नासच्या आतबाहेर, तरी फरक डोळ्यात भरण्यासारखा आहे. हेही बघा की कोरडं खाणाऱ्या साठ टक्क्यांना वर्षभर काहीच झालं नाही. कोरडं म्हणजे विष, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. शेजारच्या काकूंची मनी तेरा वर्षं दाण्यांवर आहे आणि मन्यापेक्षा ठणठणीत आहे. ज्या मांजराला हा त्रास एकदा होऊन गेला, त्याच्यासाठी मात्र गणित वेगळं.

इथे मी दुसरी चूक केली. डॉक्टरांकडून आले ती थेट पेट शॉपमध्ये, पिशवीभर पाऊच घेतले, दाण्यांचा डबा माळ्यावर टाकला. मन्याने बशी हुंगली, वर बघितलं, आणि शी झाकतात तशी बशीभोवतीची फरशी खरवडायला लागला. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, भूक लागली की खाईल. ही कुत्र्याला लागू पडणारी गोष्ट आहे. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठून यकृत कामातून जाऊ शकतं. डॉक्टरांनी फोनवर असं झापलं की दहा मिनिटांत डबा माळ्यावरून खाली. एक दिवस पूर्ण काही खाल्लं नाही तर जुनं खाणं परत सुरू करायचं, मान-अपमान ठेवायचा नाही.

शेवटी जे जमलं ते असं. आधी भरलेली वाटी बंद केली. तेच दाणे, पण सकाळ, संध्याकाळ आणि झोपताना, वीस-पंचवीस मिनिटांपुरते. जेवणाला वेळ असते हे त्याला कळायलाच दहा दिवस लागले. मग दाण्यांशेजारी, दाण्यांत नाही, ओल्याचा एक चमचा. फ्रिजमधून काढलेला पाऊच थंडगार असतो, त्याला वास येत नाही, आणि मांजर आधी नाकाने जेवतं. बंद पाऊच गरम पाण्याच्या भांड्यात दोन-तीन मिनिटं ठेवला की अंगाएवढा कोमट होतो. सगळ्यात मोठा फरक पडला तो खलबत्त्याने. दाणे कुटले आणि कोशिंबिरीवर दाण्याचं कूट घालतो तसे ओल्यावर भुरभुरले. त्या दिवशी पहिल्यांदा बशी पुसून ठेवली पठ्ठ्याने. मग कूट कमी करत नेलं. खोल वाटीऐवजी पसरट बशी. जेली त्याला आवडत नाही, ग्रेव्ही फक्त चाटतो आणि तुकडे टाकतो, पण मऊ, घोटलेला प्रकार खातो. तुमच्याकडे उलट असेल. चार-पाच प्रकारांचा एकेक पाऊच आणून बघा, एकदम खोका नको. आम्हाला एकूण पाच आठवडे लागले. डॉक्टर सात ते दहा दिवस सांगतात. ते बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी मांजराबद्दल बोलत असतात.

पाऊच घेताना पुढचं चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. ‘कम्प्लीट’ लिहिलं असेल तर ते जेवण. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलं असेल तर ती चटणी, तिच्यावर पोट भरायचं नाही. त्या चाटायच्या नळ्या, ज्यांच्या मागे सगळी मांजरं वेडी असतात, बहुतेक दुसऱ्या प्रकारातल्या.

आमच्या दुकानदाराने मला समजावलं होतं, ‘ताई, दाण्यात प्रोटीन ३२ टक्के आहे, पाऊचमध्ये साडेआठ. तुम्हाला पाणी विकतायत.’ हे ऐकून खूप जण मागे फिरतात. पाणी बाजूला काढून बघा. पाऊचमध्ये ८२ टक्के पाणी, उरलं १८. त्या १८ मध्ये साडेआठ म्हणजे ४७ टक्के. दाण्यात १० टक्के पाणी, उरलं ९०, त्यात ३२ म्हणजे साडेपस्तीस. प्रोटीन पाऊचमध्येच जास्त. आणि पाणी विकतात हे खरंच आहे, मला तेच विकत हवं होतं.

पैशाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या इथे ८० ग्रॅमचा पाऊच ४५ रुपयांच्या आसपास पडतो, त्यात साधारण ६५ कॅलरी. मन्याला दिवसाला सव्वादोनशे कॅलरी पुरतात. फक्त ओलं द्यायचं तर रोज साडेतीन पाऊच, महिन्याला पावणेपाच हजार. मला ते झेपणारं नव्हतं. म्हणून दोन पाऊच आणि २५ ग्रॅम दाणे, मोजून, अंदाजाने नाही. दाण्यांचा मूठभर अंदाज नेहमी चुकतो, कारण शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे-चारशे कॅलरी असतात आणि ऑपरेशन झालेला घरबश्या बोका त्या सगळ्या अंगावर चढवतो. आता महिन्याला तीन हजार जातात. एका कॅथेटरच्या बिलात किती महिने निघाले असते, ते मी मोजलं नाही, मोजणारही नाही.

या दोन पाऊचवर मी प्रत्येकी दोन मोठे चमचे कोमट पाणी घालते आणि घोटते. आता हिशोब बघा: पाऊचमधून १३०, वरून ६०, वाटीतून ४०-५०. जवळपास २४० मिली. वाटीतून पिणं निम्म्यावर आलं म्हणून आई काळजीत होती, पण एकूण पोटात जाणारं पाणी अडीचपट झालं.

ओलं अजिबातच न खाणारी मांजरं असतात. त्यांच्या दाण्यावर पाणी घालून बघा, तासाभरात संपलं नाही तर टाकून द्या. घरात तीन-चार ठिकाणी पाणी ठेवा, रुंद तोंडाच्या भांड्यात, काठोकाठ, जेवणापासून आणि ट्रेपासून लांब. काहींना नळाची धार किंवा कारंजंच लागतं. चिकन किंवा मासे उकडलेलं पाणी चमचाभर चालतं, मात्र मीठ, कांदा, लसूण काहीही न घातलेलं. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी नको. सूपचे तयार क्यूबही त्यातच आले.

‘मग घरचं चिकनच का नाही?’ हे मला प्रत्येक जण विचारतो. नुसत्या उकडलेल्या चिकनमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतं, आणि टॉरिन हा पोषक घटक उकडलेल्या पाण्यात उतरतो. टॉरिन मांजराला खाण्यातूनच मिळावं लागतं. त्याच्या कमतरतेने हृदय पसरट आणि दुबळं होतं, हे १९८७ साली अमेरिकेत दाखवून दिल्यावर कंपन्यांनी खाण्यात टॉरिन वाढवलं. खाऊ म्हणून दोन तुकडे द्या, रोजचं जेवण म्हणून नको. मांदेलीचंही तेच, आणि खारवलेले सुके बोंबील तर लांबच ठेवा. दूध-भात खाऊन आपल्या आजीची मांजरं जगली, कबूल, पण ती दिवसभर कणगीखाली उंदीर मारत होती, तो भाग आपण विसरतो.

कोरड्याच्या बाजूने एक मुद्दा नेहमी येतो, दात साफ राहतात. साधा दाणा दाताच्या टोकाने फुटतो नाही तर अख्खा गिळला जातो, हिरडीपाशी काही घासत नाही. दातांसाठी खास बनवलेले मोठे दाणे वेगळे. कोरड्याचा खरा फायदा आहे तो ऑफिसला जाणाऱ्यांना. ओलं खाणं आपल्या उन्हाळ्यात तासाभराच्या वर उघडं ठेवू नये, दुपारी घरी कोणी नसेल तर ते वाटीत आंबणार. आमचे २५ ग्रॅम दाणे त्या वेळचेच. मुंग्यांसाठी जुनाच उपाय, परातीत पाणी आणि मध्ये वाटी. फोडलेला पाऊच झाकून फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवायचा.

हे सगळं केल्यावर जुलैत तपासणी झाली. घनता १.०३४. डॉक्टरांनी १.०३५ च्या खाली आणा म्हटलं होतं.

आणि तरी सप्टेंबरमध्ये पुन्हा त्रास झाला. गणपतीत. दहा दिवस घरात बारा माणसं, मागच्या बाल्कनीत चपलांचा ढीग, आणि त्या ढिगामागे मन्याचा ट्रे. तो पलंगाखालून बाहेरच येत नव्हता. जेवण तेच, पाणी तेच, पण लघवी तो दाबून ठेवत होता. पिशवीची ही सूज ताणाने उसळते हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, मी ओल्या-कोरड्याच्या नादात तो अर्धा भाग ऐकलाच नव्हता. या वेळी दोन दिवसांत उतरलं, नलिका बंद झाली नाही. आता ट्रे दोन आहेत (एका मांजरामागे एक आणि वर एक जास्तीचा), त्यातला एक बेडरूममध्ये, जिथे पाहुणे येत नाहीत. वॉशिंग मशीनशेजारी ट्रे असेल तर तो आजच हलवा. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आधी ती खोली बंद करून त्याला आत ठेवते.

‘युरिनरी’ लिहिलेलं खास खाणं आपल्या मनाने आणू नका. ते प्रामुख्याने स्ट्रुव्हाइट विरघळवण्यासाठी असतं. दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे कुठल्याच खाण्याने विरघळत नाहीत, आणि किडनीचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या मांजराला ते खाणं जाचू शकतं. डॉक्टरांनी दिलं तर त्याचाही ओला प्रकार मिळतो का विचारा, आणि ते चालू असताना मधेमधे दुसरं काही चारू नका. माणसांच्या लघवीच्या जळजळीवरचं सिरप तर मुळीच नको. त्याने लघवी अल्कधर्मी होते आणि स्ट्रुव्हाइटला तेच हवं असतं.

पाणी पुरेसं, घर शांत, तरी महिन्या-दोन महिन्यांनी येतंच असेल तर एक्स-रे आणि सोनोग्राफी मागा, पिशवीत खडा बसलेला असू शकतो. मांजर दहाच्या पुढचं असेल तर लघवीचं कल्चरही (जंतू वाढवून बघायची तपासणी), कारण त्या वयात जंतुसंसर्ग जास्त सापडतो.

रोज बघायचं ते मात्र ट्रेमध्ये. गोळे बनणारं लिटर असेल तर साफ करताना गोळे मोजा. जानेवारीआधी मन्याचे दिवसाला दोन असायचे, सुपारीपेक्षा थोडे मोठे. आता तीन-चार, पेढ्याएवढे. आकडा मी कॅलेंडरच्या चौकटीत लिहिते, दुधाच्या हिशोबाखाली. संध्याकाळपर्यंत चौकट रिकामी राहिली, किंवा एकदम सात-आठ बारीक बारीक गोळे निघाले, की जेवणाचं बघत बसायचं नाही. पिंजरा दाराशी आणायचा आणि डॉक्टरांना फोन लावायचा.